कोठीची चार दारं

आमच्या स्टुडिओत नवीन कॉम्प्युटर आला की मधुकाका आधी त्याची मुलाखत घेतात.

गंमत म्हणून सांगत नाही. खोक्यातून मशीन निघालं, टेबलावर बसलं, वायरी लागल्या, की मधुकाका खुर्ची ओढून त्याच्या पुढ्यात बसतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "हं. आधी नाव सांगा." मशीन काय सांगणार? मग ते ज्याचं मशीन असेल त्याच्याकडे वळतात. "कुठून आलं? सोबत कोण हाय? मुक्काम किती?" अकोल्याहून आलं, डीलरच्या माणसासोबत आलं, मुक्काम बिघडेपर्यंत, अशी उत्तरं मिळाली की ते मान डोलावतात आणि त्याचं नाव ठेवतात. किशोरभाऊ मालक, म्हणून त्यांच्या मशीनचं नाव 'मालक'. माझ्या मशीनचं नाव 'रेखाताई'. प्रिंटरचं नाव 'जावई', कारण तो कागद खातो, कारण नसताना अडून बसतो आणि त्याला कोणी मोठ्या आवाजात बोललेलं खपत नाही.

आमचा स्टुडिओ शेगावात, स्टेशनवरून देवळाकडे येणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. लग्नाचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, आणि आताशा लग्नाआधी नवरा-नवरी शेतात हात पसरून पळतात, तेही. संग्रामपूरपासून वडनेर भोलजीपर्यंतची लग्नं आमच्याकडे येतात. मी व्हिडिओ कापते. म्हणजे चार तासांच्या जेवणावळीतून चार मिनिटं काढते आणि नवरदेवाच्या आत्याचा घास तोंडाशी गेला असताना तिचं चित्र थांबणार नाही एवढं बघते. आणखी दोन पोरं आहेत, ती शूटिंगवरून आली की हेच करतात. किशोरभाऊ कॅबिनमध्ये बसून बिलं काढतात. आणि मधुकाका, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'व्यवस्था पाहतात'.

व्यवस्था म्हणजे कोठी. कोठी हा एक काळा डबा आहे, पाव ठेवायच्या डब्याएवढा. कपाटाच्या वर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेला. आम्ही शूट केलेली सगळी लग्नं त्याच्या पोटात असतात आणि सगळे कॉम्प्युटर वायरीनं त्यातूनच काढतात, त्यातच ठेवतात. त्याच्या पाठीला वायरी लावायची चार भोकं आहेत. प्रत्येक भोकाचा आपापला लांबलचक नंबर. कोणत्याही मशीनवरून तो नंबर टाकला की त्या भोकातून आपण डब्यात शिरतो. पण नंबर लक्षात कोण ठेवणार? म्हणून एक सोय असते. प्रत्येक मशीनला सांगून ठेवता येतं, की बाबा रे, अमुक नाव उच्चारलं की तमुक नंबरावर जायचं. मग आपण नुसतं 'कोठी' म्हणायचं आणि मशीन बरोबर दारात नेऊन उभं करतं.

ही सोय ज्यानं शोधली त्याला मधुकाकांनी पाहिलं असतं तर त्याच्या पाया पडले असते. कारण मधुकाका मूळचे लॉजचे मॅनेजर. उभी हयात त्यांनी स्टेशन रोडवरच्या एका लॉजच्या काउंटरमागे काढली. पुढे तो लॉज पाडून तिथे दुकानं झाली. किशोरभाऊंच्या वडिलांची ओळख होती, म्हणून काका आमच्याकडे आले. लॉजच्या शेवटच्या वर्षांत तिथे कॉम्प्युटर आला होता, त्यावर हात बसला होता. बाकीचं मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकले. म्हणजे अर्धं शिकले आणि अर्धं लॉजवरून लावलं.

"नाव तुमी सांगा, नंबर मी पाह्यतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. लॉजवरही ते हेच म्हणायचे म्हणे. पाहुण्यानं नाव सांगायचं, कोणत्या खोलीत घालायचं ते मॅनेजर ठरवणार. एकदा डीलरचा माणूस काहीतरी दुरुस्त करायला आला आणि त्यानं आल्या आल्या सरळ नंबर टाकून कोठी उघडली. मधुकाका ताडकन उठले.

"ओ भाऊ! घरी आलेल्या पाहुण्याले 'ओ एकशेसात, जेवाले या' म्हणता का तुमी?"

"काका, नंबरनं बी तेच उघडते."

"उघडते. पण बरं दिसते का?"

तो बिचारा पुढे जेवढा वेळ होता तेवढा वेळ नावानंच बोलत होता. जाताना तर प्रिंटरलाही 'जावईबापू' म्हणून गेला.

मधुकाकांची भाषाही सगळी लॉजची. फाईल पुसली की तिचं 'चेक-आउट' झालं. कोठी बंद करून पुन्हा सुरू होत असली की "थांबा, चादरी बदलून राह्यले." मोठी फाईल हळूहळू उतरत असली की "सामान वर चढवून राह्यले, दम धरा." सुरुवातीला मला याचा फार वैताग यायचा. मी शांत स्वभावाची बाई नाही, हे माझ्या सासरचेही सांगतील. पण दोन लगीनसराया गेल्या आणि एक दिवस मीच घरी नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या मोबाइलमधले जुने फोटो चेक-आउट करा." तेव्हा मी हात टेकले.

आता त्या संग्रामपूरच्या लग्नाचं ऐका.

दुपारी लग्न लागलं होतं आणि संध्याकाळी स्वागतसमारंभात मोठ्या पडद्यावर सकाळपासूनचा व्हिडिओ दाखवायचा होता. नवरदेवाचे मोठे काका, डोक्याला फेटा तसाच, येऊन माझ्या बाजूला स्टुलावर बसलेले. कूलरचं तोंड त्यांनी स्वतःकडे वळवून घेतलेलं. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "झालं का?" आणि माझ्या पडद्यावरची निळी रेघ अशी सरकत होती, की तिच्यापेक्षा ते स्वतः संग्रामपूरला चालत जाऊन आले असते.

"मशीन जुनं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नवीन हाय."

"मंग काऊन झोपून राह्यलं?"

महिनाभर हेच चाललं होतं. आम्ही व्हिडिओवाले सगळे रडत होतो आणि कोठी गोगलगाय झाली होती. शेवटी मी पेनड्राइव्ह घेऊन किशोरभाऊंच्या कॅबिनमध्ये घुसले आणि त्यांच्या मशीनवरून तीच फाईल ओढली. डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. किशोरभाऊही बघत राहिले. त्यांच्या मशीनवर त्या वेळी फक्त एका बारशाचं बिल उघडं होतं.

मी मधुकाकांसमोर जाऊन उभी राहिले. "काका, माह्या मशीनवर बी 'कोठी' लिहिलं हाय, भाऊच्या मशीनवर बी 'कोठी' लिहिलं हाय. मंग असं काऊन होते?"

मधुकाका शांतपणे म्हणाले, "नाव एकच हाय. नंबर येगळा हाय."

तेव्हा कुठे उलगडलं. काकांनी चार दारांचे चार दर्जे केले होते. एक डीलक्स, एक साधी, एक हॉल आणि एक राखीव. माझ्या आणि बाकी व्हिडिओवाल्यांच्या मशीनवर 'कोठी' म्हटलं की हॉलचा नंबर लागायचा. म्हणजे गाद्या टाकलेला हॉल, ज्यात अख्खं वऱ्हाड एका दारातून आत-बाहेर करतं. आणि मालकाच्या मशीनवर तेच नाव घेतलं की डीलक्सचं दार उघडायचं, ज्यातून दिवसभरात एक बिल बाहेर येणार. साधी खोली काकांनी स्वतःला ठेवली होती, त्यांच्या लहानशा मशीनसाठी.

"काका, अहो, काय केलं हे तुमी!"

"काय केलं म्हंजे? मालकाले हॉलमधी झोपवू का मी?"

"मालकाजवळ सामान काय हाय पण? एक पिशवी बी नाही! अन् मी हत्ती-घोडे घेऊन हॉलमधी बसली!"

मधुकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्टुलावरचे फेटेवाले काका मात्र एकदम खूश झाले, कारण आता भांडण त्यांना समजू लागलं होतं. "ताई बरोबर बोलून राह्यली," ते म्हणाले. "ज्याच्याजवळ आहेर-रुखवत असते त्याले मोठी खोली द्या लागते."

"सामान पाहून रूम," मधुकाका हळूच म्हणाले. "हे ध्यानात नाही आलं आपल्या." मग ते उठले, माझ्या मशीनवर 'कोठी'पुढे डीलक्सचा नंबर लिहिला आणि मालकाच्या मशीनवर हॉलचा. माझी निळी रेघ पळत सुटली. फेटेवाले काका व्हिडिओ घेऊन वेळेवर गेले आणि जाताना कूलर तसाच रिकाम्या स्टुलाकडे ठेवून गेले.

किशोरभाऊंना या बदलीचा फार अपमान वाटला. त्यांच्या कामात काडीचा फरक पडला नव्हता, बिल ते केवढं, त्याला दार काय लागतं? पण त्यानंतर आठवडाभर ते कॅबिनमधून ओरडायचे, "माहं बिल उशिरा निघून राह्यलं आता!" आणि मधुकाका इकडून म्हणायचे, "हॉलमधी गर्दी हाय भाऊ, सांभाळून घ्या."

खरा वाद पेटला तो चौथ्या दारावरून. राखीव.

ऐन लगीनसराईत काम वाढलं, एका सीझनपुरती डिझायनर आणायची ठरली. किशोरभाऊ म्हणाले, "काका, ते चौथं दार खुलं करा आता. नव्या माणसाले तिथं टाका."

"ते राखीव हाय."

"कोणासाठी?"

"येणाऱ्यासाठी. गर्दीच्या दिवशी सगळ्या रुमा द्याच्या नसतात, भाऊ. एक हातची ठेवा लागते. आयत्या वेळी कोणी बाई लेकरू घेऊन आली, कोणी म्हातारं मानूस आलं, तर काय करता?"

"काका, हा डबा हाय! डब्यात कोणती म्हातारी येते?"

"सांगता येत नाही," मधुकाका म्हणाले आणि त्यांनी राखीवच्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं बूच काढून, पुसून, परत लावलं.

किशोरभाऊ भडकले. म्हणाले, चौथं दार तरी द्या नाहीतर नमस्कार घ्या. मधुकाकांनी आपली पाण्याची बाटली उचलली, गमछा खांद्यावर टाकला आणि जिन्यापर्यंत गेले. तिथे मग किशोरभाऊंच्याच लक्षात आलं, की कोणत्या मशीनवर कोणत्या नावाला कोणता नंबर आहे हे फक्त या एका डोक्यात आहे. "बसा, काका. चहा येऊन राह्यला," ते म्हणाले. विषय तेवढ्यावर राहिला, मिटला नाही.

माझं माहेर वडनेर भोलजी. त्याच आठवड्यात मी तिकडे गेले होते आणि वहिनीला मधुकाकांचे किस्से सांगत होते. चौथ्या दाराचा किस्सा ऐकून घरचे पोट धरून हसले. वहिनी हसली नाही.

"हे लॉजवाले मधुकरराव का?" ती म्हणाली. "त्यांची पोरगी वर्षा नांदुऱ्यात राह्यते. माह्या बहिणीच्या शेजारी. अल्बम डिझाइन करते घरून. बापाचं तोंड नाही पाहत ते."

मला धक्काच बसला. काकांची बायको वारली हे ठाऊक होतं. मुलगी आहे हे ते कधी बोललेच नव्हते. वहिनीनं सांगितलं ते असं. वर्षाचं सासरी पटत नव्हतं. एका गुरुवारी ती बॅग घेऊन निघाली, माहेरी कुलूप होतं म्हणून सरळ लॉजवर बापापुढे जाऊन उभी राहिली. दर्शनाची गर्दी होती. बापानं मान वर केली नाही आणि म्हणाला, "जागा नाही, पुढं पाहा." ती तशीच पुढं गेली. नंतर काडीमोड झाला, एकटीनं शिकून कामाला लागली, पण शेगावला म्हणून उतरली नाही.

मी दुसऱ्या दिवशी कामावर आले ती पेटूनच. असला कसला बाप! दुपारी किशोरभाऊ बाहेर गेले, तशी मी खुर्ची फिरवली आणि सरळ विचारलं. आडपडदा मला जमत नाही.

मधुकाकांनी आधी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, "तुमाले कोणी सांगतलं?"

"नांदुऱ्यावरून कळलं."

"बराबर कळलं. पण म्या पाह्यलंच नाही तिले, ताई. मान खाली घालून लिहून राह्यलो होतो. त्या दिवशी सकाळपासून येईल त्याले 'जागा नाही' म्हणून राह्यलो होतो. त्यातलं एक ते होती. कोणतं, तेही आठवत नाही मले. लय आठवून पाह्यलं. रात्री व्याह्याचा फोन आला, पोरगी पोचली का म्हणून. तवा लॉजचा पोऱ्या बोलला, ते काउंटरपुढं येऊन गेली म्हणून."

माझा राग कुठे ठेवावा तेच कळेना.

"त्या दिवसापासून आधी नाव इचारतो," ते म्हणाले. "मान वर करून."

आणि मी, जी या माणसाच्या मुलाखतींची नक्कल करून सासर-माहेर हसवत होते, ती उगाच टेबल पुसायला लागले. फार वाईट वाटलं मला. इतकं, की त्या संध्याकाळी मी जे केलं ते नवऱ्याला विचारूनही केलं नाही. किशोरभाऊंना म्हणाले, नांदुऱ्याची एक डिझायनर आहे, हात चांगला आहे, सीझनपुरती बोलवा. वहिनीकरवी वर्षाला स्पष्ट कळवलं की तुझे बाबा इथेच बसतात. दोन दिवसांनी निरोप आला. "कामासाठी येईन. बाकी काही नाही."

मधुकाकांना मात्र मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते गमछा घेऊन जिना उतरले असते आणि या खेपेला चहावर परतले नसते.

ती सोमवारी सकाळच्या गाडीनं आली. पस्तिशीची, सडसडीत, खांद्याला लॅपटॉपची बॅग. दारात चपला काढल्या आणि उभी राहिली. मधुकाका मान खाली घालून एका वायरीला टोक बसवत होते. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली.

तोंड उघडलं होतं. "आधी" एवढं निघालंही. पुढचं निघालं नाही.

किशोरभाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. ते कॅबिनमधून उत्साहात बाहेर आले. "काका, ही नवी डिझायनर. आता तुमचं काही ऐकणार नाही. हिले राखीव द्या."

मला वाटलं, झालं. याच क्षणासाठी तर ते दार राखलं होतं माणसानं. मी माझ्या मनात बूच काढूनही ठेवलं होतं.

मधुकाका वायर खाली ठेवून म्हणाले, "राखीव पाहुण्याले देतात."

"मंग ही कोण हाय?"

काका आपल्या टेबलाशी गेले, स्वतःच्या मशीनचा पसारा एका कडेला लोटला, जागा केली, आपली खुर्ची तिला सारली आणि स्वतःला स्टूल घेतलं. तिच्या लॅपटॉपवर 'कोठी'पुढे त्यांनी साध्या खोलीचा नंबर लिहिला. त्यांचा स्वतःचा. "घरच्या मानसाले रूम नसते देत," ते किशोरभाऊंना म्हणाले, पण इतक्या हळू, की किशोरभाऊ "काय?" म्हणून तीनदा ओरडले आणि मग कंटाळून आत गेले. चौथं दार बंदच राहिलं.

आता माझी पंचाईत ऐका. बाप-लेक एका टेबलाला, हाताला हात लागेल इतक्या जवळ, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"रेखाताई, त्यांना सांगा, हळदीचे फोटो उघडून नाही राह्यले."

"रेखाताई, तिले म्हणा, कोठीत लग्नाच्या नावानं पाह्य, तारखेनं नको पाहू."

"रेखाताई, सांगा त्यांना, सापडले."

"रेखाताई, तिले म्हणा, पंखा लागते का."

"रेखाताई, नको म्हणा."

दुपारपर्यंत मी हे केलं. एक नवरी माझ्या पडद्यावर घास हातात धरून केव्हाची थांबली होती. शेवटी मी हेडफोन आपटला. "मी काय मंधातला डबा हाय का? तुमी इकडून टाका, मी तिकडून काढतो? मी चहा प्याले चालली. फोटो उघडो नाहीतर न उघडो!" आणि तणतणत जिना उतरले.

खरं तर मला चहा नको होता. टपरीवर दोन घोट घेतले, दोघांसाठी दोन ग्लास घेतले आणि परत आले. वरच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा आतून मधुकाकांचा आवाज आला आणि मी तिथंच थांबले. चोरून ऐकू नये हे मला कळतं. पण हातात गरम ग्लास होते आणि पाय हलेनात.

"त्या दिवशी म्या मान वर केली नाही, वर्षा."

"माहीत हाय."

"गर्दी होती म्हणून नाही सांगून राह्यलो. चुकलंच. पण एक इचारतो. तू काही बोलली असती, नुसतं 'बाबा' म्हणली असती, तर म्या... काऊन नाही बोलली तू? म्या साऱ्या दुनियेले नाव इचारतो आता. तू तरी नाव सांगाचं."

रस्त्यावर एक रिक्षावाला देवळाच्या सवाऱ्या ओरडून भरत होता.

"उभी राह्यली होती मी तिथं," ती म्हणाली. "मागचे लोक ढकलून राह्यले होते, तरी उभी राह्यली. तुमच्या टकलाकडे पाहून राह्यली होती. म्हणलं, आता पाहतील." मग तिचा आवाज चढला, आणि फुटला. "बापाले बी नाव सांगा लागते का, बाबा?"

माझ्या डोळ्यांसमोरचा जिना दिसेनासा झाला. मला त्या दोघांचाही भयंकर राग आला आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"नाही," मधुकाका म्हणाले. "नाही लागत, बेटा."

मी चहाचे दोन्ही ग्लास पायरीवर ठेवले आणि हळूच पुन्हा खाली उतरले.